नवरदेव पळवून नेल्याच्या तक्रारीबाबत

नाव सरजाबाई किसन हनवते, वय ४१ वर्षे, धंदा रिक्षा चालवणे (आजपासून), मूळ राहणार तालुका हिमायतनगर, सध्या राहणार नांदेड.

मी ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, गावी वर्षभर पुरेल असे काम नसल्याने आम्ही नांदेडला आलो. मी मजूर अड्ड्यावर उभी राहून बांधकामावर बिगारी काम करत होते. आमच्या वस्तीतल्या, बाहेरगावाहून आलेल्या आम्ही पाच बायांनी बचत गट करून बँकेच्या कर्जावर बॅटरीची रिक्षा घेतली. ती पाळीपाळीने चालवायची असे ठरले. लायसन्स माझे आधी निघाल्याने आज पहिली पाळी माझी होती.

सकाळी मी रिक्षा घेऊन निघाले. मागे गटातली देगलूरची लक्ष्मम्मा होती. तिला कुठे जायचे नव्हते, ती नुसती बसायची म्हणून बसली होती. तिने रिक्षाला दोन्ही बाजूंनी केळीची पाने बांधली होती. मी मोठ्याने गाणे म्हणत होते. कोणते ते आठवत नाही.

साडेअकराच्या सुमारास मागून वरात आली. नवरदेव, नाव सत्यम, हा मारुतीचे दर्शन घेऊन घोड्यावरून लग्नाच्या हॉलकडे निघाला होता. गर्दीमुळे मी रिक्षा कडेला उभी केली. घोड्याने येऊन आमची पाने खायला सुरुवात केली. नवरदेव "हट, हट" म्हणत होता. इतक्यात डीजे सुरू झाला. घोडा बिथरला आणि नवरदेव घसरून थेट रिक्षात, लक्ष्मम्माच्या मांडीवर आला. लक्ष्मम्मा "अम्मो!" असे ओरडली. घोडा पुन्हा पानांकडे येऊ लागला. नवरदेव म्हणाला, "मावशी, हाणा गाडी!" सवारीने सांगितल्यामुळे मी हाणली.

मागून नवरदेवाचे चुलते धोंडप्पा "पोराला पळवलं, धरा" असे ओरडत होते, हे मला नंतर कळले. आरशात ते नाचत आहेत असे वाटले, म्हणून मी हात हलवला.

मी "कोन्चा हॉल?" विचारले. नवरदेव म्हणाला, "नवाच हाय, गुलाबी कमानीचा." त्या रस्त्याला गुलाबी कमानीचे दोन नवे हॉल झालेले आहेत. पहिल्या हॉलवर बायांनी नवरदेवाला ओवाळले, पेढा भरवला. मग एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, हा आपला न्हाई!" नवरदेवाने पेढा गिळून माफी मागितली. आम्ही तिघे हसत दुसऱ्या हॉलवर गेलो. त्या हॉलच्या स्लॅबचा माल मी डोक्यावर वाहिलेला आहे. पुढच्या गेटातून आत जाण्याची माझी पहिलीच वेळ.

नवरदेव मुहूर्ताआधी पोचला. मी भाडे घेतले नाही. परत येताना पोलिसांनी रिक्षा अडवून ठाण्यात आणून लावली. धोंडप्पांनी वाटेतूनच तक्रार दिल्याचे समजले. चावी माझ्याकडून काढून घेतली. रिक्षा गेली तर पाचही जणींना पुन्हा अड्ड्यावर उभे राहावे लागेल, हे लक्ष्मम्मा रडत साहेबांना सांगत होती. मी रडले नाही असे लिहावे.

लग्न लागल्यावर सत्यम व नवरी शिवांगी अक्षतांसकट ठाण्यात आले. सोबत धोंडप्पा होते. नवरी साहेबांना म्हणाली, "ज्या गाडीनं माझा नवरा येळेवर आणला, त्याच गाडीत मी सासरी जानार. फुलाची कार ऱ्हाऊ द्या." धोंडप्पा म्हणाले, "माझी काय बी तक्रार न्हाई. बाई, चुकलं माझं." त्यांनी तसे लिहून दिले आहे. साहेबांनी मला चावी परत दिली. ती मी नवरीकडे धरायला दिली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. नवरी बाहेर हॉर्न वाजवत आहे, सबब मला जाऊ द्यावे.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. मध्ये मध्ये आम्ही दोघे हसलो, तेवढे फक्त यात लिहिलेले नाही.