कागदावर नवरी मी

अगं, माझ्या नातीचं, सुमीचं लग्न कसं जमलं ठाऊक आहे? विवाह मंडळाने डोंबिवलीच्या कॉम्प्युटरमधली नावं फ्लॉपीत भरली नि खोपटच्या शाखेतल्या कॉम्प्युटरमध्ये ओतली. ओतताना पालक म्हणून लिहिलेलं माझं नाव सुमीच्या जागी गेलं, तिचं माझ्या.

शहाडची मंडळी बघायला आली. मुलगा फोटोतच सुमीच्या मनात भरलेला. त्याची आई कागद वाचते, "मुलगी भागीरथीबाई, वय तेवीस. पालक सुमन."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. म्हटलं, "भागीरथी मीच. पसंत आहे का?"

बाई घाबरून उठल्याच! सुमी पुढे धावली, "काकू, बसा हो. पालक मी आहे. चहा झाला की मुलाने कप विसळून दाखवावेत."

मुलगा खरंच मोरीत गेला. फ्लॉपीतून आजी-नात उलट्यापालट्या निघाल्या, पण ह्याने सगळे कप अख्खे आणले. तिथेच लग्न ठरलं!