विष ते विषच ना?

(भर दुपार. खेमसिंगचा टेम्पो कपाशीच्या वावरातून पांढरकवड्याच्या दवाखान्याकडे निघालेला. मागे हौद्यात नानाजी, लेक निशिगंधाच्या मांडीवर डोकं टेकून. पायाशी मुलगा कपिल, हातात फोन.)

कपिल : सांगतलं दवाखान्यात. म्हटलं, पॉयझनची केस हाय, फवारणीची. तयारी करून ठेवतो म्हणे.

निशिगंधा : पॉयझन काहून सांगतलं तू?

कपिल : मंग काय सांगू? सकाळपासून पंप पाठीवर होता बाबाच्या. पऱ्हाटीत बसले ते बसलेच.

निशिगंधा : फवारणी बाधली का घाम सुटते, लाळ गळते. बाबाचं तोंड त कोरडं हाय. अन पापण्या पाह्य, उघडूनच नाई राह्यल्या.

नानाजी : झोप येऊन राह्यली व माय. कायले येवढं घाबरता?

निशिगंधा : झोपू नका बाबा, बोलत राहा. कपिल, नर्सिंगच्या मॅडमनं पहिल्याच हप्त्यात लिहून घेतलं आमच्याकडून. पॉयझन म्हणजे पोटातून, श्वासातून, नाईतर कातडीतून गेलेलं. व्हेनम म्हणजे दातानं अंगात सोडलेलं.

कपिल : घ्या! इथं बापाचा जीव चालला, अन ताईची इंग्रजीची शाळा भरली! विष ते विषच ना?

निशिगंधा : आपण दोन्हीले विष म्हणतो रे, पण औषध येगळं येगळं लागते. बाबा, सकाळी काही टोचलं होतं का?

नानाजी : काटा रुतला होता, वावराच्या धुऱ्यावर. टाचेपाशी. काढाले बसलो, त काटाच नाई सापडला.

निशिगंधा : कपिल, टाच पाह्य. जोडीनं दोन टिपके हायेत का?

कपिल : हायेत. बोरीचेच काटे असतीन.

निशिगंधा : फोन लाव पुन्हा. साप म्हण.

कपिल : अन साप नसला त? पंपातलं औषध मीच कालवलं ताई. एक टोपण जास्त पडलं माह्या हातून. मले भेव वाटून राह्यलं व!

निशिगंधा : रडू नको. तुले कोणी काही म्हणत नाई. सुई कोणती द्याची ते डॉक्टर ठरवतीन, तू दोन्ही सांग. खेमसिंगभाऊ, दाबा जरा गाडी!

कपिल : लागून नाई राह्यला फोन. जंगल लागलं.

निशिगंधा : लावत राह्य.

कपिल : निघताना वावरात तानाकाकू म्हणत होती, निंबाचा पाला चावाले द्या. साप चावला असन त पाला गोड लागते. तू तिच्यावरच खेकसली.

निशिगंधा : पाल्यानं काय समजते? तिथं वेळ चालली होती.

नानाजी : देल्ला तिनं मले. गपचूप. तोंडातच हाय माह्या.

कपिल : कडू हाय ना बाबा?

निशिगंधा : बाबा? डोळे उघडा. कपिल काय विचारून राह्यला?

नानाजी : आयकलं व माय... चावून चावून पाह्यलं. कडू नाई लागत.