इन्व्हरकार्नच्या बराकीची उरलेली गोष्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष विवेकराव, व्यासपीठावर बसलेले आपले मोरेश्वरकाका आणि सुवर्णाकाकू, एडिसन-पिस्कॅटवेहून आणि ट्रॅफिकशी झुंजत थेट पार्सिपनीहून आलेल्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना मंजुषाचा नमस्कार.

काका-काकू पुढच्या आठवड्यात मुलाकडे सिअ‍ॅटलला चाललेत, कायमचे. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकांना ऐकू येतं, सगळं कळतं. बोलता मात्र येत नाही. म्हणून त्यांचं भाषण आज मी करणार आहे. कुठलं ते सांगायला हवं का? हसू नका, विवेकराव. दर गणपतीत जेवणाआधी व्हायचं तेच, इन्व्हरकार्नच्या बराकीचं!

शिकायला असताना काका स्कॉटलंडमधल्या त्या गावात सैनिकांच्या बराकीसमोर खोली घेऊन राहत. घरमालकीण म्हणजे बराकीतल्या आचाऱ्याची मुलगी. तिने जे सांगितलं, ते काकांनी जन्मभर जपलं. बंडखोर गावावर नजर ठेवायला राजाने बराक बांधली आणि दीडशे वर्षांनी त्याच गावची पोरं तिथे भरती झाली. १९१४ साली पलटण फाटकाबाहेर पडली, भिंतीशी बायका उभ्या होत्या... आणि इथे आपल्या ट्रेवरची फॉइलची झाकणं वाजायची. मागच्या रांगा उठायच्या. कुणीतरी म्हणायचं, "काका, सुपर्ब! बाकीचं नेक्स्ट इयर हं, पुऱ्या गार होतायत." पुढच्या वर्षी युनिव्हर्सिटीत नवी मुलं आलेली असत, म्हणून काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. पुन्हा फाटक, पुन्हा पुऱ्या. आपल्या हॉलमध्ये ती पलटण कधी परत आलीच नाही.

मला फार वाईट वाटतं, मंडळी. आणि खरं सांगू? रागही येतो. एवढ्या हौसेने सांगणाऱ्या माणसाला आपण पुरीपायी गप्प बसवायचं? आता तर तीही गरज उरली नाही.

परवा मी काकूंना शेवट विचारला. पलटण परतली त्या संध्याकाळी आचाऱ्याने सवयीने, गेले होते तेवढ्या सगळ्यांची ताटं मांडली. बसायला आले ते जेमतेम एका बाकापुरते. कुणी घास उचलेना. तेव्हा आचारी फाटक उघडून बाहेर गेला आणि भिंतीशी थांबलेल्या आया-बायकांना म्हणाला, "आत या. त्यांच्या जागी तुम्ही बसा." त्या आल्या. रडत रडत जेवल्या.

आता तिथे फ्लॅट्स झालेत म्हणे. असो.

तर ही गोष्ट जेवणावरच संपते. काकू म्हणाल्या, काकांचं शेवटचं वाक्यच मुळी आपल्याला जेवायला बोलावण्याचं होतं. ते म्हणायला ते इतकी वर्षं थांबले आणि आपण दरवेळी त्याआधीच उठलो.

अध्यक्षांचे, कार्यकर्त्यांचे आणि आज झाकणं न वाजवता उभ्या राहिलेल्या केटररचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर घरचीच आहे म्हणून पोटात घाला.

काका, पुढच्या गणपतीत पहिल्या रांगेत तुमच्या दोन खुर्च्या आम्ही सवयीने मांडणारच. तिथे कुणाला बसवायचं, ते मला अजून कळत नाही. पण तुमचं वाक्य आज राहू देणार नाही.

"आता उठा मंडळी. जेवायला चला."