कंबर तेवढीच!

नाही, मला एक सांगा, माणसानं आणखी काय काय सोडायचं? साखर सोडली, बिस्किटं सोडली, बटाट्याकडं बघणं सोडलं... दुपारी सगळं दुकान जेवतं आणि मी कोपऱ्यात काकडी चावतोय, कर्र कर्र, आणि एवढं करून पॅन्ट? पॅन्ट तेवढीच घट्ट! तुम्हाला सांगतो, मी शिंपी, जन्म गेला लोकांची पोटं मापण्यात. माणूस खोटं बोलेल, कापड खोटं बोलत नाही!

तुम्ही म्हणाल, घट्ट तर घट्ट, सैल करून घे, शिंपीच आहेस ना! अहो, गंमत नाहीये. माझा थोरला भाऊ, माझ्याहून सरस कारागीर, साखरेनं डोळे नेले त्याचे. त्याची मशीन दुकानात तशीच आहे, झाकलेली. आणि यंदा चष्मा लावूनही माझा दोरा सुईत जाईना हो! सुई इकडं, दोरा तिकडं... घामच फुटला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन उतरवा, साखर उतरेल, डोळे वाचतील." तेव्हापासून बायको दोरा ओवून देते आणि मी कोबी खातो. उकडलेला!

दर रविवारी माप. शिंप्यानं स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, पोट आपोआप आत जातं. म्हणून टेप धरायची बायकोनं, आकडा सांगायचा बायकोनं. शेजारच्याच मशीनवर बसते ती, हात पक्का. मी जीव मुठीत धरून उभा... "किती गं?" "तेवढंच." "नीट बघ!" "अहो, तेवढंच आहे. संध्याकाळी आणखी एक फेरी मारा." फेरी! गल्लीतली कुत्रीसुद्धा आता माझ्यावर भुंकत नाहीत, कंटाळली! आणि पॅन्ट? कापड खोटं बोलत नाही!

परवा डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं. "वा, छान उतरलंय वजन!" मी म्हटलं, बाई, तुमचा काटा बिघडलाय. "आणि साखर उतरलीये, ती? रक्तही बिघडलंय का?" असेल! ही पॅन्ट बघा, बटण रडतंय! काटा नाहीतर पॅन्ट, दोघांपैकी एक खोटं होतं, आणि मी चुकीच्यावर विश्वास ठेवला तर भावाच्या मशीनशेजारी माझी मशीन झाकायची!

घरी आलो, पॅन्ट बदलली, ती उलटी केली, म्हटलं, आत माया आहे, शिवणीत सोडलेलं जादा कापड, जरा सैल करू. बघतो तर... मागच्या शिवणीला नवी टीप! तिच्या बाहेर जुनी, तिच्याही बाहेर आणखी जुनी! दुसरी पॅन्ट काढली, तिसरी काढली, तेच! बारीक, सरळ टीप, टोकाला दुहेरी गाठ. अहो, अशी दुहेरी गाठ आमच्या दुकानात एकच बाई मारते!

तिन्ही उचलून दुकानात गेलो. "हे काय?" तिनं मशीन थांबवलीसुद्धा नाही. "भाऊजींची पॅन्ट सैल झाली, त्या दिवशी त्यांनी काय केलं?"

काय केलं... मिठाई वाटली. अख्ख्या दुकानाला. सगळ्यात जास्त स्वतः खाल्ली, आणि पथ्य सुटलं ते सुटलंच.

"मग? तुम्ही त्यांचेच भाऊ ना?" आणि तिचा आवाज चिरकला हो!

पण राग आला, खूप आला! उपाशी मी, चाललो मी, आणि ही मला आतल्या आत शिवतेय! तणतणत टीप उसवायला घेतली... आणि हात थांबला. काळं कापड, काळा दोरा, एवढीशी टीप, आणि मी चष्म्याशिवाय बघतोय! सुई उचलली, दोरा धरला... गेला! एका फटक्यात गेला!

तिला दाखवला. तिनं पदरानं डोळे पुसले, सुई नीट निरखली आणि म्हणाली, "बरं झालं. ओवलाच आहे तर ती पॅन्ट अर्धा इंच आत घ्या, रविवार आलाय."

घेतोय! कापड खोटं बोलत नाही म्हणणारा मी... आता स्वतःच्या हातानं त्याला खोटं बोलायला शिकवतोय!