तराजूवाला देव

मी मूळची साक्रीकडची, लग्न झालं नि सुरतेत लिंबायतला आले, ती इथलीच झाले. नवरा लूमवर, मी प्रिंटिंग मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायला, घरी पोरगी नि सासू, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. खोली एकच, त्यात त्या आजारी पडल्या, खाटेला आडोसा तर पाहिजे ना, म्हणून प्लेगची पळापळ झाली त्याच्या पुढच्या साली मी मिलमधून रंग फुटलेलं कापड आणलं नि पडदा टांगला. परदेशी ऑर्डरचं कापड, त्यावर कुत्र्याच्या तोंडाचा माणूस, हातात तराजू. मी कुठं बघितलं, कापड जाड होतं, बस.

आत्याबाईंनी बघितलं. म्हणे, हाऊ कोन देव? मिलमध्ये छपाईच्या मास्तरांना विचारलं तर म्हणाले, बेन, आ तो मिसरना देव छे, मरेलाना. तिकडे इजिप्तात फार पूर्वी पुजायचे म्हणे, मेलेल्याचं काळीज हा एका पारड्यात ठेवतो, दुसऱ्यात पीस, काळीज जड भरलं तर पुढं वाट नाही. शेजारीण ओरडली, अगं काढ ते, आजाऱ्यापुढं यम टांगलास? काढायला गेले तर आत्याबाईंनी पडदा घट्ट धरला. आपले देव राहिले गावाला, हा आलाय तर राहू दे. मग रोज हळदकुंकू. नि मला विचारतात, हाऊ देव काय खास? म्हणजे खातो काय. म्हटलं, तोंड कुत्र्याचं आहे, भाकरी खाईल. मग रोज पहिली चतकोर त्याची. आणि दिवसभर त्या तराजूकडे टक लावून, मापात मारत तर नसेल ना गं हा?

एका दुपारी मी भाकरी थापत होते, तर म्हणाल्या, पोरी, तुझी माय शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा तुला न्यायला माणूस आला होता, मी दारातूनच परत लावला. तू गेली असतीस तर घर कोण बघणार होतं? दहावं झाल्यावर सांगितलं तुला. आता ते जड लागतंय. सोडलं म्हण.

काय सांगू तुम्हाला, हात परातीतच राहिला. मायचं तोंड दिसलं नाही मला, इतकी वर्षं मी नशिबाला बोल लावत होते. पण तव्यावर भाकरी होती, आजारी माणूस समोर, म्हटलं, सोडलं आत्याबाई, झोपा आता. त्या हसल्या. म्हणाल्या, तोंडाचं नको गं, हा काळीज मोजतो.

त्याच आठवड्यात गेल्या. तापीवर नेलं, सगळं रीतीनं केलं, कशात कमी नाही. त्यांना वाट मिळाली की अडवलं, कोणाला विचारू? मास्तरांना विचारलं, ते म्हणाले, बेन, हूं तो कपडुं छापुं छुं.

आता पोरगी म्हणते, आई, पडदा विटलाय, काढू या. म्हटलं, थांब. रोज सकाळी त्याच्यापुढं भाकरी मोडते नि म्हणते, सोडलं, आत्याबाई. तेवढ्यात मायचं तोंड आठवतं नि हात अडतो. ज्या दिवशी अडणार नाही, त्या दिवशी मीच काढीन, धुईन, पायपुसणं करीन. तोवर खाऊ दे त्याला भाकरी.