सूप पालथं घालू नका

संघटनेचे अध्यक्ष आप्पा, व्यासपीठावरची मंडळी, आणि दाराशी चपलांजवळ बसलेल्या माझ्या मावश्यांनो,

तुम्ही दाराशी का बसलात? पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. शेवंताक्का असती तर आधी तुम्हाला पुढं आणलं असतं, मग सभा सुरू केली असती. मी रडायला उभी राहिलेली नाही. रडून झालं. आज राग आलाय, आणि शोकसभेत रागवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

माझी आई आणि शेवंताक्का निपाणीच्या एकाच गल्लीत बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं. मी पुढं बेळगावात शिकले, तिथंच राहिले, लिहायला लागले. पण आजही कुणी डोक्यावरून हात फिरवला की मला तंबाखूचा वास येतो. आईच्या हाताला आणि आक्काच्या हाताला तोच वास होता. माया म्हटली की मला तोच वास.

मगाशी तिला इथं रणरागिणी म्हटलं गेलं. मोर्चे सांगितले, लाल झेंडे सांगितले. खरं आहे ते. पण तिनं सगळ्यात मोठं काम केलं ते या मंदीत, आणि त्यात घोषणा एकही नव्हती.

आठवा. बिडीची मागणी बसली. कारखान्यानं निम्म्या बायकांना बिड्या वळायला पान देणं बंद केलं. संघटनेची बैठक झाली, सगळे म्हणाले, संप करू. आक्का मागून म्हणाली, "वखार न खपल्याल्या बिड्यांनी भरलीया. आता संप केला तर मालक पेढं वाटंल."

लोक हसले. कुणीतरी विचारलं, "मग करायचं काय, आक्का?"

"हाय ते काम वाटून घ्यायचं."

आणि स्वतःला मिळालेली पानं तिनं जुन्या वखारीमागच्या, संघटनेच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ओतली. हा ढीग सगळ्यांचा, म्हणाली. जिला पान मिळतंय तिनं इथं आणायचं. जिला मिळत नाही तिनंही इथंच बसायचं. मजुरी सारखी. भाकरी आपापली, आमटी एका चुलीवर.

सहज झालं का हे? छे. पहिलं भांडण माझ्या आईनंच काढलं. "माझी पानं हिला का म्हणून द्यू?" आक्का म्हणाली, "नको दिऊस. पर हितंच बस, आन् हिच्या म्होरं एकटीनं भाकरी खाऊन दाव." आईनं तोंड फुगवलं. घरी गेली, परत आली, आणि पानं ढिगात टाकली. ती बघा, आता पदर तोंडाला लावून हसतीय.

मग कारखान्याचा चेकर माल तपासताना बिड्यांच्या जुड्या नापास करायला लागला. "ह्ये एका हाताचं काम न्हाय."

"व्हय, दोघींचं हाय," आक्का म्हणाली. "मग दोघींची नावं लाव की रं."

दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी सुपं घेऊन कारखान्याच्या दारातच वळत बसल्या. जुड्या पास झाल्या. घरात बसलेल्या एकटीला नापास करणं सोपं असतं. "गरिबी एकटीला गाठती," ती म्हणायची, "म्हणून एका जागी बसा." तिचं राजकारण एवढंच होतं. मला तरी त्याहून मोठं राजकारण अजून भेटलेलं नाही.

आता ज्यासाठी मी उभी आहे ते सांगते.

आपल्या गल्लीत कुणी गेलं की बायका सूप पालथं घालतात. त्या दिवशी काम नाही. आक्काला हे ठाऊक होतं. दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. सगळी हयात तंबाखूची धूळ ओढलेली छाती, वाक्य पुरं होत नव्हतं. तरी म्हणाली, "मी गेल्यावर सूप पालथं घालू नका म्हणावं. पालथं सूप मालकाला लई आवडतंय."

मी गल्लीत येऊन सांगितलं. पण परवा तिला घरी आणलं, आणि कुणाचा हात तंबाखूला लागेना. सगळी सुपं पालथी झाली. चूक झाली. मायेनं झाली. मी कुणाला बोल लावत नाही.

पण शेड रिकामी राहिली. आणि त्या रिकाम्या शेडला संध्याकाळी कुलूप लागलं. कुणी लावलं? मालकानं नाही. सरकारनं नाही. आपल्या संघटनेनं. आप्पा, तुम्ही.

मगाशी टाळ्या वाजल्या ना, तिथं शेवंताक्का स्मृतिभवन होणार म्हणून? टाळ्या वाजवणाऱ्यांनी आधी तिकडं जाऊन यायचं होतं. चुलीच्या विटा गटाराकडेला पडल्यात. आत फरशी पुसून तिचा मोठा फोटो ठेवलाय. आणि सकाळी बायका रस्त्यावर, उन्हात. पानं वाळून तुटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओला पदर धरून बसलेल्या. सदलग्याहून लग्न होऊन आलेली बसव्वा मला म्हणाली, "आक्काचा फोटू ओळगे, आमी होरगे." फोटो आत, आम्ही बाहेर. हे कळायला इथं कुणाला दुभाषी लागतो का?

आप्पा, मी तुमचा मान ठेवते. आक्काबरोबर तुम्ही लाठ्या खाल्ल्यात. म्हणूनच तुम्हाला विचारते. जी बाई कधी ताटावर एकटी बसली नाही, तिला तुम्ही कुलपात एकटी ठेवलीत? मंदी संपली का? उद्या दुपारी या बायका कुठं बसणार? आपापल्या घरात, एकेकटी. जिथून तिनं उठवून आणलं, तिथंच. मालकाला जे जमलं नाही ते आपण हार घालून केलं.

आता मौन पाळू.

मावश्यांनो, तुम्ही सुपं आणलीत, मला दिसतायत. सुलटी करा. मौन तोंडाचं आहे, हाताचं नाही. तुम्ही वळत राहा. बाकीच्यांनी उभं राहायचं.

आप्पा, शेडची किल्ली तुमच्या सदऱ्याच्या खिशात आहे. हे मौन घड्याळावरचं नाही. ती किल्ली या टेबलावर, आक्काच्या हारापाशी येईपर्यंतचं आहे. बाकी सगळ्यांनी डोळे मिटावेत. मी मिटणार नाही.

उभे राहूया.