अंबादासची बातमी

पेपर का घेत नाही विचारता, तर ऐका.

अंबादास आणि मी शेजारशेजारच्या मागांवर टॉवेल विणायचो. तो बायकोचं औषध आणायला गेला. वाटेत मोर्चा होता. लाठीमार झाला, पळापळीत तो पडला आणि जागीच गेला. दोन पेपरांची माणसं आली. दोघांनाही मी एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोर्चावाल्यांच्या पेपरात छापलं, ‘झुंजार कार्यकर्ता हुतात्मा’. सरकारच्या बाजूच्या पेपरात छापलं, ‘समाजकंटक ठार’.

त्याच्या बायकोला वाचता येत नाही. म्हणाली, “भावजी, वाचा की.”

मी चौथी शिकलेला. पेपर समोर धरला आणि मनानंच म्हणालो, “टॉवेल विणणारा साधा माणूस औषध आणायला गेला होता.”

“आन् दुसऱ्यात?”

“तेच.”

“पुन्यांदा वाचा.”

पुन्हा म्हणताना शब्द बदलले. तिनं ओळखलं. “माझं मन राखू नका. लिवलंय तेच वाचा.”

मग दोन्ही बातम्या वाचल्या, जशाच्या तशा.

तिनं दोन्ही पेपर उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, “हे दोघं कोण हायत, मला म्हाईत न्हाय. आमच्या ह्यांचं कुटं आलंय, तेवढं बघा की.”